वजन वाढलं म्हणून हरला? हेवीवेट रीमॅच आणि 'कारण' शोधायची पद्धत

पेट पास झालेल्या आणि आता सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय थोडा वेगळा आहे: हेवीवेट बॉक्सिंग. पण घाबरू नका. बॉक्सिंगचं काहीच माहीत नसलं तरी चालेल. 'अमुकमुळे तमुक झालं' हे वाक्य लिहिण्याआधी संशोधकानं काय काय तपासायला पाहिजे, ते या खेळातून फार छान कळतं. आरआरसीसमोर बसल्यावर हाच प्रश्न फिरून फिरून येतो.

आधी आपल्या माणसापासून सुरुवात करू. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. आता मी जर म्हटलं की 'पाच किलोनं वरचा गट घेतला म्हणून पदक मिळालं', तर तुम्ही हसाल. मधे चार वर्षं गेली, मातीतल्या पैलवानाला मॅटची सवय झाली, परदेशी मल्लांचे डाव कळले, समोरचे प्रतिस्पर्धी बदलले. हे सगळं सोडून फक्त वजनच कसं धरता, असं तुम्ही लगेच विचाराल.

मग दुसरं उदाहरण. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी रुईझनं अँथनी जोशुआला सातव्या फेरीत हरवलं. सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला, सौदी अरेबियातल्या दिरियाला दोघं पुन्हा लढले. या वेळी रुईझ सुमारे ७ किलोनं जड होऊन आला आणि गुणांवर हरला. जगभर एकच निष्कर्ष निघाला: वजन वाढलं म्हणून हरला. इथं मात्र आपल्याला हसू येत नाही, उलट पटतं. का बरं? वाक्याची रचना तर तीच आहे. फरक एवढाच की रुईझचं पोट दिसत होतं.

हा निष्कर्ष चूक आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबर असेलही. पण तो सिद्ध झाला आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आपलं काम त्या प्रश्नाशी आहे.

हेवीवेटच का?

बाकीच्या गटांत वजन नियमानं बांधलेलं असतं. बुलढाणा जिल्ह्यातला आणि अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आपल्या वऱ्हाडचा बॉक्सर अनंता चोपडे २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकला. त्या गटात त्याच्यासमोर येणारा प्रत्येक जण काट्यावर जवळपास तेवढाच भरणार. म्हणजे वजन हा व्हेरिएबल नियमानंच जवळजवळ गोठवून टाकलेला असतो. जो व्हेरिएबल बदलतच नाही त्याचा परिणाम मोजणार कसा?

व्यावसायिक हेवीवेटला मात्र वरची मर्यादाच नाही. २०० पौंड, म्हणजे साधारण ९१ किलोच्या पुढे कितीही चालतं. किती वजनानं लढायचं हे बॉक्सर आणि त्याचा प्रशिक्षक ठरवतात. शिवाय लढतीच्या आधी जाहीरपणे वजन घेतात आणि आकडा नोंदवला जातो. आपल्याकडच्या कुस्त्यांच्या आमदंगलीत बऱ्याचदा जोड नजरेनंच लागते. अंगापिंडानं बरोबरीचे दिसले की हात मिळाले. तिथं खेळ उत्तम होतो, पण नंतर अभ्यास करायला आकडा उरत नाही.

आणि रीमॅच का? कारण तेच दोन बॉक्सर पुन्हा समोरासमोर येतात. उंची तीच, हातांची लांबी तीच, बालपणापासूनचं शिक्षण तेच. बदलतं ते वजन, तयारी आणि डावपेच. संशोधनाच्या भाषेत याला जोडीची तुलना म्हणतात. आपल्या शेतातलं उदाहरण घ्या. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातलं एक वावर आणि सातपुड्याच्या पायथ्याचं एक वावर यांच्या कापसाची तुलना करून 'हे बियाणं चांगलं' असं कोणी म्हणणार नाही, कारण जमीनच वेगळी. त्याच वावरातल्या दोन वर्षांची तुलना जास्त बरी. रीमॅच म्हणजे तेच वावर, दुसरं वर्ष.

पण दुसऱ्या वर्षी पाऊसही वेगळा असतो ना? खरी गंमत इथून सुरू होते.

दहा आकडे

पाच गाजलेल्या रीमॅच घेऊ. वजनं पौंडांतून किलोत आणून पूर्णांकात लिहिली आहेत. पहिला आकडा पहिल्या लढतीचा, दुसरा रीमॅचचा.

– १९९२ आणि १९९३: रिडिक बो १०७ → ११२, रीमॅच हरला. इव्हँडर होलीफिल्ड ९३ → ९८, जिंकला.
– २००१, एप्रिल आणि नोव्हेंबर: लेनॉक्स लुईस ११५ → ११२, जिंकला. हसीम रहमान १०८ → १०७, हरला.
– २०१९, जून आणि डिसेंबर: अँडी रुईझ १२२ → १२९, हरला. अँथनी जोशुआ ११२ → १०८, जिंकला.
– २०१८ आणि २०२०: टायसन फ्युरी ११६ → १२४, जिंकला. डिऑन्टे वाइल्डर ९६ → १०५, हरला.
– २०२४, मे आणि डिसेंबर: टायसन फ्युरी ११९ → १२७, हरला. ओलेक्झांडर उसिक १०१ → १०३, जिंकला.

आता मोजा. रीमॅचला वजन वाढवून आलेले सात. त्यातले तीन जिंकले, चार हरले. वजन उतरवून आलेले तीन. दोन जिंकले, एक हरला. यातून काही सिद्ध होतं का? नाही. दहा नोंदी आहेत, त्याही सुट्या नाहीत, कारण एक जिंकला की दुसरा हरणारच. म्हणजे खऱ्या अर्थानं पाचच घटना. आणि या पाच मी गाजलेल्यांतून निवडल्या आहेत, चिठ्ठ्या टाकून नाही.

पण यादीतली पहिली ओळ पुन्हा वाचा. बो आणि होलीफिल्ड दोघांचंही वजन साधारण पाच-पाच किलोनं वाढलं. तेवढीच वाढ, त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये. एक जिंकला, एक हरला. तसंच फ्युरीचं. २०२० ला सुमारे आठ किलो वाढवून त्यानं वाइल्डरला सातव्या फेरीत संपवलं. २०२४ ला जवळपास तेवढंच वाढवून तो उसिककडून तिन्ही पंचांच्या गुणांवर हरला. माणूस एक, वाढ सारखी, निकाल उलटे.

म्हणजे 'वजन वाढलं' या दोन शब्दांत एकापेक्षा जास्त गोष्टी लपल्या आहेत.

काट्यावरचा आकडा नेमकं काय मोजतो?

वजनकाटा फक्त एकूण वस्तुमान सांगतो. त्यात स्नायू किती, चरबी किती, पाणी किती हे तो सांगत नाही. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. त्यामुळे खाणंपिणं बदललं तरी दोन-तीन दिवसांत काटा किलो-दोन किलो हलतो आणि त्यात ना स्नायू वाढलेला असतो ना चरबी.

स्नायू आणि चरबी यांचं काम वेगळं आहे. ठोशाच्या मागे वस्तुमान आणि वेग दोन्ही लागतात. वाढलेलं वजन पाय, कंबर, पाठ यांच्या स्नायूंत गेलं आणि वेग टिकला, तर ठोसा जड होतो. चरबी ठोशाला फारशी मदत करत नाही, पण बारा फेऱ्या ती अंगावर वागवावी तर लागतेच. तीन मिनिटांची फेरी, मधे एक मिनिट विश्रांती, अशा बारा. एकूण ३६ मिनिटं लढाई.

इथं दम, म्हणजे ज्याला कंडिशनिंग म्हणतात, तो येतो. एक हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, कुठल्याही खऱ्या बॉक्सरचे नाहीत. समजा एखाद्याचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त ५ लिटर ऑक्सिजन वापरू शकतं. वजन १२२ किलो असेल तर किलोमागे मिनिटाला ४१ मिलिलिटर आले. तेवढाच दम ठेवून वजन १२९ झालं तर किलोमागे ३९ च्या आत. सुमारे पाच टक्के घट. फुफ्फुस तेच, हृदय तेच, फक्त भागाकारातला खालचा आकडा वाढला. शिवाय शरीर जसं मोठं होतं तसं वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ कमी पडतं, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणं अवघड होतं. आठव्या-नवव्या फेरीत हात खाली यायला लागतात ते या सगळ्याचं मिळून.

पण जड असण्याचा फायदाही आहे. फ्युरीनं २०२० ला आधीच सांगितलं होतं की या वेळी जड होऊन येणार आणि नॉकआउट करणार. त्यानं प्रशिक्षकही बदलला होता. रिंगमध्ये तो मिठी मारून आपला भार वाइल्डरच्या मानेवर-खांद्यावर टाकत राहिला. तिथं वजन हेच हत्यार होतं. उसिकसारखा सतत फिरणारा, कोन बदलणारा बॉक्सर समोर असला की तेच वजन मागे मागे धावण्यात खर्च होतं.

म्हणून वजनाचा परिणाम 'किती' यावर कमी आणि 'कशाचं, कोणासमोर, कुठल्या डावासाठी' यावर जास्त अवलंबून दिसतो. संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात: एका व्हेरिएबलचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं. सिनॉप्सिसमध्ये 'क्ष चा य वर परिणाम' असं लिहिलंत की गाईड विचारतात, 'कोणत्या परिस्थितीत?' तो प्रश्न म्हणजे हाच.

बाकीचा पाऊस

आता दुसऱ्या वर्षीचा पाऊस बघू. वजनाबरोबर आणखी काय बदललं होतं?

लुईस एप्रिल २००१ ला दक्षिण आफ्रिकेत हरला. लढतीचं ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आणि तो तिथं उशिरा पोहोचला होता. त्याआधी तो एका हॉलिवूडपटाच्या शूटिंगमध्ये होता. रीमॅच लास वेगासला झाली, नीट तयारीनिशी. तीन किलो उतरले खरे, पण उंची, हवा, तयारीचे आठवडे, मनातली चीड हेही बदललं होतं. यातलं श्रेय तीन किलोंना किती द्यायचं?

होलीफिल्ड १९९३ ला नव्या प्रशिक्षकाबरोबर, इमॅन्युएल स्टुअर्डबरोबर आला होता. त्या लढतीत तर सातव्या फेरीत एक माणूस पॅराशूट आणि पंखा बांधून उघड्या रिंगच्या दोरांवर येऊन आदळला. लढत सुमारे वीस मिनिटं थांबली. दमलेल्याला विश्रांती मिळाली की तापलेल्याचं अंग थंड पडलं? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. असा 'पाऊस' कुठल्याच मॉडेलमध्ये आधी धरता येत नाही.

रुईझनं नंतर स्वतःच मान्य केलं की जिंकल्यावर त्याचे बरेच दिवस मौजमजेत गेले. इथं नीट लक्ष द्या. सराव कमी झाला, त्यामुळे वजनही वाढलं आणि दमही गेला. मग हरण्याचं कारण वजन की सराव नसणं? वजन हे कदाचित फक्त बाहेर दिसणारं लक्षण. ताप आला म्हणून थर्मामीटरला दोष देण्यासारखं झालं. दोन गोष्टींच्या मागे तिसरीच गोष्ट उभी असते, तिला कन्फाउंडर म्हणतात, आणि तुमच्या विषयातही ती कुठेतरी नक्की उभी आहे.

अजून एक सापळा आहे. रीमॅच कधी ठरते? पहिली लढत अटीतटीची झाली किंवा निकाल धक्कादायक लागला की. जोशुआ जूनमध्ये हरला हा मोठा धक्का होता. रुईझ तर मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे ऐनवेळी आलेला. धक्कादायक निकालानंतर पुन्हा लढवलं तर बलाढ्य मानला गेलेला जिंकण्याची शक्यता तशीही जास्त असते, कोणाचं वजन एक ग्रॅम न बदलता. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ज्या वर्षी एकरी विक्रमी कापूस झाला त्याच्या पुढच्या वर्षी उतारा सहसा कमीच येतो. त्या वर्षी नवीन खत टाकलं असेल तर बिचाऱ्या खताचं नाव खराब होतं.

आणि शेवटी मोजमाप. मे २०२४ ला उसिकचं वजन आधी १० पौंडांनी चुकीचं जाहीर झालं: २३३.५. मग दुरुस्त करून २२३.५ सांगितलं. डिसेंबरमध्ये फ्युरी अंगावरच्या पूर्ण कपड्यांसकट काट्यावर चढला. म्हणजे माझ्या यादीतल्या १२७ मध्ये कपडेही आहेत! पहिली बातमी वाचून ज्यानं आकडा उतरवला त्याच्या तक्त्यात उसिक साडेचार किलोनं जड राहिला असता आणि रीमॅचला 'हलका' झाला असता. डेटा कुठून आला, कोणत्या स्थितीत मोजला, नंतर दुरुस्त झाला का, हे तीन प्रश्न प्रत्येक रकान्याला विचारायची सवय लावा.

हे एवढं ताणून का धरायचं?

तुम्ही म्हणाल, खेळाच्या गप्पांना एवढी चाळणी कशाला? कारण या गप्पा तालमीत आणि जिममध्ये पोहोचतात. 'उतरवलं की जिंकतो' हे वाक्य एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाच्या कानावर गेलं की तो स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी तोडतो, प्लास्टिक गुंडाळून पळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा कुठं जातो ते तुम्हाला माहीतच आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना महिनाभराच्या अंतरानं मरण पावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीचे वजनाचे नियम बदलावे लागले. तीन जीव गेल्यावर. आणि 'जड झालं की ठोसा जड' हे अर्धवट वाक्य दुसऱ्या मुलाला वाट्टेल ती पावडर घ्यायला लावतं. चुकीच्या कारणाची किंमत पेपर लिहिणारा देत नाही, असा मुलगा देतो.

मग अभ्यास करायचा कसा?

समजा तुम्हाला या विषयावर खरोखर काम करायचं आहे. आपल्या भागात सोय नाही असं समजू नका. अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, अकोल्याला बॉक्सिंगची परंपरा आहे, तालुक्या-तालुक्यात आखाडे आहेत.

पहिलं काम, प्रश्न लहान करा. 'वजनाचा कामगिरीवर परिणाम' हा विषय नाही, तो समुद्र आहे. त्याऐवजी: 'आठ आठवड्यांच्या सराव काळात शरीरातल्या चरबीच्या प्रमाणात झालेला बदल आणि तीन फेऱ्यांनंतर एका मिनिटात हृदयाचे ठोके किती खाली येतात, यांचा संबंध.' आता हे मोजता येतं. 'परिणाम' ऐवजी 'संबंध' हा शब्द मुद्दाम घेतला आहे. निरीक्षणावरचा अभ्यास असेल तर तिथपर्यंतच थांबायचं.

दुसरं, एकाच खेळाडूला अनेकदा मोजा. दर आठवड्याला, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत. चरबीसाठी कॅलिपर चालेल, पण मापणारा हात शक्यतो एकच ठेवा. झोप, सरावाचे तास, आजारपण यांची वही ठेवा. तुमचा कन्फाउंडर बहुतेक या वहीतच सापडेल.

तिसरं, जिंकणं-हरणं हा निकाल म्हणून घेऊ नका. तो फार ढोबळ असतो आणि पंचांवरही अवलंबून असतो. शेवटच्या फेरीतल्या ठोशांची संख्या पहिल्या फेरीच्या तुलनेत किती टिकली, हे माप बरं.

चौथं आणि न टाळता येणारं: नैतिक समितीची मंजुरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मुलं अठरा वर्षांखालची असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात. आणि अभ्यासासाठी म्हणून कोणालाही वजन वाढवायला किंवा उतरवायला सांगायचं नाही. ते आपोआप जे करत आहेत तेवढंच मोजायचं.

जाता जाता एक गृहपाठ देतो. सप्टेंबर २०२१ ला जोशुआ १०९ किलोचा होता आणि उसिक १०० चा. उसिक जिंकला, तिन्ही पंचांनी त्यालाच दिलं. ऑगस्ट २०२२ च्या रीमॅचला जोशुआ १११ चा होता, उसिक १०० चाच. उसिक पुन्हा जिंकला, पण या वेळी एका पंचानं लढत जोशुआला दिली. जोशुआनं मधे प्रशिक्षकही बदलला होता. आता दोन वाक्यं लिहा. पहिलं, वजनाचं श्रेय देणारं. दुसरं, तोच डेटा वापरून पहिल्याला खोडणारं. दोन्ही सारखीच पटणारी जमली तर सिनॉप्सिस उघडा आणि तुमच्या स्वतःच्या हायपोथेसिसवर हाच प्रयोग करून बघा. आरआरसी करायच्या आधी तुम्ही केलेला बरा.